राणीच्या स्वागताची तयारी: ज्यू आणि ख्रिस्ती गूढपरंपरेतील दैवी स्त्रीतत्त्व आणि पवित्र विश्रांती

साप्ताहिक सुटी आणि शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, बाहेरून सारखेच दिसतात, कारण दोन्हींमध्ये काम बंद असते. ज्यू गूढपरंपरेने, म्हणजे कबालाने, मात्र शब्बाथकडे पाहताना काम थांबण्यापेक्षा कोणाच्या तरी येण्याला अधिक महत्त्व दिले आहे. शुक्रवारी सूर्य मावळताना येते ती शब्बाथ-राणी, वधू, शेखिना. शेखिना म्हणजे ईश्वराचे या जगात वस्ती करून राहिलेले सान्निध्य, जे मध्ययुगीन कबालाने उघडपणे स्त्रीरूपात पाहिले. ख्रिस्ती गूढवाद्यांमध्येही दैवी ज्ञान स्त्रीरूपाने बोलते, देवाला आई म्हटले जाते, आणि या दोन्ही ठिकाणी विश्रांतीचा विषय निघतोच.

हा लेख या दोन्ही परंपरा समजून घेऊन आपल्या आठवड्यात अशा विश्रांतीला जागा करू पाहणाऱ्या मराठी वाचकांसाठी लिहिला आहे. पुढची प्रत्येक पायरी एकाच विचारावर उभी आहे: या परंपरांत विश्रांती पाहुणीच्या स्वागतासाठी केलेल्या तयारीतून येते, आणि तयारी न करता नुसते थांबलेले मन रिकामे आणि चिडचिडे होते. म्हणून थांबायला शिकण्याआधी स्वागत करायला शिकावे लागते.

सुरुवात करण्यापूर्वी

तालमुद या ज्यू धर्मचर्चेच्या प्राचीन ग्रंथसंग्रहातील शेखिना म्हणजे ईश्वराची उपस्थिती होय. इस्राएली लोक जेथे जेथे हद्दपार झाले तेथे तेथे शेखिना त्यांच्यासोबत गेली, असे तेथे म्हटले आहे. तिला स्पष्ट स्त्रीरूप मिळाले ते बाराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण फ्रान्समध्ये प्रकटलेल्या बाहिर या ग्रंथात, आणि त्यानंतर तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेनमध्ये अरामी भाषेत लिहिल्या गेलेल्या जोहार या महाग्रंथात, ज्याचा मोठा भाग अभ्यासक मोशे दे लेओन (मृत्यू १३०५) यांच्याशी जोडतात. कबालाच्या मांडणीत अनंत ईश्वर दहा सेफिरोतांमधून, म्हणजे दहा दैवी आविष्कारांतून, प्रकट होतो. त्यांतील तिसरा आविष्कार बिना ही वरची माता, आणि दहावा मलखुत म्हणजेच शेखिना, जी जगाला सर्वांत जवळची आहे. आठवड्याच्या सहा दिवसांत ती जणू आपल्या जोडीदारापासून, म्हणजे ईश्वराच्या पुरुषरूप आविष्कारापासून, दुरावलेली असते. शब्बाथला त्यांचे मीलन होते, आणि त्या मीलनाची शांती खालच्या जगात उतरते.

मराठी वाचकाने येथे एक काळजी घ्यावी. आपल्याकडे देवीची कल्पना इतकी सहज आहे की शेखिनेला चटकन एखाद्या देवीच्या शेजारी बसवावेसे वाटते. पण तिची मूर्ती नाही, तिची वेगळी पूजा नाही, आणि कोणताही कबालावादी तिला एका ईश्वरापासून वेगळी देवता मानणार नाही. हे भान सुटले, तर पुढच्या सगळ्या साधनेचा अर्थ बदलून जातो.

ख्रिस्ती बाजूला सुरुवात करावी ती बेन सिराच्या ग्रंथाच्या २४व्या अध्यायापासून. हा ग्रंथ कॅथलिक बायबलमध्ये असतो, प्रोटेस्टंट आवृत्तीत सहसा नसतो, हे बायबल विकत घेताना लक्षात ठेवावे. त्या अध्यायात दैवी ज्ञान स्त्रीच्या रूपात बोलते: ती सर्व लोकांमध्ये, सर्व देशांत विसाव्याची जागा शोधत फिरते, आणि अखेर निर्माता तिला तंबू ठोकण्याचे ठिकाण दाखवतो. या वचनाच्या लॅटिन रूपावर माइस्टर एकहार्ट (साधारण १२६० ते १३२८) या जर्मन गूढवाद्याने एक प्रवचन दिले आहे. देवाने ही सृष्टी निर्माण करताना काय शोधले, असे कोणी विचारले तर मी ‘विश्रांती’ असे उत्तर देईन, असा त्या प्रवचनाचा आशय आहे. मला हे उत्तर फार मोलाचे वाटते, कारण विसावा शोधणारी येथे दैवी सत्ता स्वतः आहे आणि माणसाने तिला तो मिळवून द्यायचा आहे. कबालात शेखिनेसाठी घर सिद्ध करणारा माणूसही नेमके हेच करत असतो.

मरीयेचे स्थान वेगळे आहे. इ. स. ४३१ मध्ये इफिससच्या धर्मपरिषदेने तिला ‘देवमाता’ ही उपाधी मान्य केली, पण ती देव नाही. पाश्चात्त्य चर्चमध्ये मध्ययुगापासून शनिवार तिच्या स्मरणाला वाहिलेला आहे. येशू कबरेत विसावलेल्या त्या पवित्र शनिवारी, शिष्य खचलेले असताना, तिचा विश्वास टिकून राहिला, असे त्याचे एक पारंपरिक स्पष्टीकरण दिले जाते.

कोणी काय करावे

शब्बाथ हा ज्यू लोकांशी झालेल्या कराराचे चिन्ह आहे, आणि ज्यूंखेरीज इतरांनी तो त्यांच्या नियमांनुसार पाळू नये, असे तालमुदातच म्हटलेले आहे. म्हणून ज्यू नसलेल्या वाचकाने दिव्यावरचे किंवा द्राक्षरसावरचे हिब्रू आशीर्वाद पाठ करून म्हणण्याचा मोह टाळावा. तयारी, थांबणे, स्वागत, मागणे सोडणे आणि निरोप हा साधनेचा आकार घ्यावा आणि शब्द आपल्या परंपरेतले वापरावेत. ख्रिस्ती वाचकाला रविवार सोयीचा पडेल. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात देवाच्या लोकांसाठी शब्बाथाचा विसावा अजून राहिलेला आहे असे म्हटले आहे, आणि त्या आधारावर शनिवारी संध्याकाळी मरीयेसोबत वाट पाहून रविवारी पुनरुत्थानाच्या आनंदात प्रवेश करणे, ही मांडणी चर्चच्या परंपरेला धरून आहे. ज्यू वाचकाला मी काही सांगण्याची गरज नाही. त्याने आपल्या सिनेगॉगमधील, म्हणजे प्रार्थनामंदिरातील, वडीलधाऱ्यांना विचारावे.

हे सगळे दूरदेशीचे आहे, असे मात्र नाही. अलिबाग परिसरातल्या बेने इस्राएलांना, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजाला, शेजारीपाजारी ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण तेल गाळण्याचा व्यवसाय करणारी ही मंडळी शनिवारी घाण्याला हात लावत नसत. हिब्रू ग्रंथ आणि प्रार्थना यांच्याशी त्यांचा संबंध फार क्षीण झाला होता, तरी हा दिवस टिकला. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या साधकाला सांगतो, कारण पांडित्य नसतानाही पिढ्यान्‌पिढ्या शब्बाथ राखता येतो, हे आपल्याच कोकणात दिसून आले आहे.

पहिली पायरी: सीमा आखणे

शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्ताआधी सुरू होतो आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसल्यावर संपतो. म्हणजे तो साधारण पंचवीस तासांचा असतो. दिवे सूर्यास्ताच्या अठरा मिनिटे आधी लावण्याची प्रथा सर्वदूर आहे. मुंबईत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनच्या अखेरीस सव्वासातनंतर, त्यामुळे वेळ दर आठवड्याला पंचांगात किंवा मोबाइलवर पाहून ठरवावी. घड्याळाचा ठरावीक आकडा न घेता सूर्यास्त घेण्यात एक शहाणपण आहे: ही वेळ आपल्या सोयीने पुढे ढकलता येत नाही. सुरुवातीला पंचवीस तास झेपणार नसतील, तर शुक्रवारची संध्याकाळ सूर्यास्तापासून झोपेपर्यंत घ्यावी, पण सुरुवातीची सीमा सैल करू नये.

दुसरी पायरी: तयारी, आणि ती कोणी करायची

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. स्त्रीतत्त्वाचा गौरव करायचा आणि त्या गौरवासाठी घरातल्या बाईने शुक्रवारी दिवसभर ओट्याशी उभे राहून थकून जायचे, हे मला मान्य नाही, आणि परंपरेतल्या थोर माणसांनाही ते मान्य नव्हते. तालमुदात शब्बाथ विषयावरच्या ग्रंथात एका पानावर नामवंत पंडितांची यादीच आहे. राव हिस्दा बीट बारीक चिरीत, राब्बा आणि राव योसेफ लाकडे फोडीत, रबी झेरा चूल पेटवीत, राव हुना दिवे लावीत, राव पापा वाती वळीत आणि रावा स्वतः माशाला मीठ लावीत. त्यांच्या हाताखाली माणसे नव्हती असे नाही. राणीच्या स्वागताचे काम दुसऱ्यावर सोपवणे त्यांना योग्य वाटत नव्हते.

म्हणून गुरुवारी रात्रीच कागदावर कामांची यादी करावी आणि घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावापुढे एक काम लिहावे, विशेषतः एरवी ज्यांना पाणीही हातात आणून मिळते त्यांच्या नावापुढे. भाजी निवडणे, केर काढणे, चादरी बदलणे, टेबलावर किंवा पाटावर स्वच्छ कापड अंथरणे, दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक उरकून ठेवणे अशी ही कामे असतात. घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही त्या दिवशी पगारी सुटी द्यावी. बायबलमधील निर्गम या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायातली आज्ञा मुलगा, मुलगी, दास, दासी, जनावरे आणि वेशीच्या आतला परका या सर्वांची नावे घेऊन त्यांना विसावा देते, आणि ‘अनुवाद’ या नावाच्या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात त्याचे कारणही दिले आहे: तुम्ही स्वतः मिसर देशात दास होता, हे आठवावे. दुसऱ्याच्या श्रमावर उभी राहिलेली विश्रांती या आज्ञेत बसत नाही.

तयारी पूर्ण होणार नाही हे धरून चालावे. सूर्यास्ताला जे राहिले ते राहू द्यावे. मेखिल्ता या प्राचीन भाष्यात एक सुंदर प्रश्न आहे: सहा दिवसांत आपले सर्व काम करावे असे म्हटले आहे, पण कोणाचे सर्व काम सहा दिवसांत कधी संपते का? त्यावरचे उत्तर असे, की आपले सर्व काम जणू झालेच आहे अशा भावनेने विसावा घ्यावा.

तिसरी पायरी: वस्तू नजरेआड करणे

मिश्ना या तालमुदाच्या पायाभूत नियमसंग्रहात शब्बाथला वर्ज्य असलेल्या श्रमांचे एकोणचाळीस प्रकार दिले आहेत. पेरणे, दळणे, विणणे, लिहिणे, विस्तव पेटवणे, बांधणे ही त्यांतली काही. वाळवंटातला निवासमंडप उभारताना लागलेल्या कामांशी परंपरा त्यांचा संबंध जोडते. ईश्वराचे घर बांधण्याचे कामही ज्या दिवशी थांबते, त्या दिवशी आपल्या कचेरीतल्या फायलीचे महत्त्व किती, हे आपोआप कळते. ज्यू नसलेल्या साधकाने एकोणचाळीसांची यादी न घेता जगाला आपल्या मनाप्रमाणे घडवण्याची तीनचार साधने निवडावीत: फोन, संगणक, पैशांचे व्यवहार, खरेदी. ज्या वस्तूचे त्या दिवशी काम नाही तिला हातही लावू नये, असा ज्यू नियम आहे. तो पाळून फोन बंद करून कपाटात ठेवावा. उशाशी उलटा ठेवलेला फोन मनाला सतत ओढतो.

घरात आजारी माणूस असेल तर हे सर्व नियम बाजूला ठेवावेत. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडणे हे ज्यू धर्मशास्त्रानुसार कर्तव्यच आहे.

चौथी पायरी: स्वागत

तालमुदाच्या त्याच पानावर रबी हनिना शुक्रवारी संध्याकाळी अंगावर वस्त्र घेऊन उभे राहतात आणि शब्बाथ-राणीला भेटायला चला, असे म्हणतात. रबी यन्नाई चांगले कपडे घालून ‘वधू, ये, वधू, ये’ अशी हाक देतात. सोळाव्या शतकात गालील प्रांतातल्या सफेद गावात कबालावादी मंडळींनी या दोन ओळींचे पूर्ण विधीत रूपांतर केले. मोशे कोर्दोव्हेरो (१५२२ ते १५७०) आणि इत्झहाक लुरिया (१५३४ ते १५७२) यांच्या त्या गावात लोक संध्याकाळी गावाबाहेर शेतात जाऊन वधूला सामोरे जात. तिथल्याच श्लोमो अल्काबेत्झ यांनी ‘लेखा दोदी’ हे गीत रचले, ज्याच्या पहिल्या आठ कडव्यांच्या आद्याक्षरांत त्यांचे नाव गुंफलेले आहे. आज जगभरच्या सिनेगॉगमध्ये हे गीत म्हणतात, आणि शेवटच्या कडव्याला सगळी मंडळी दाराकडे किंवा पश्चिमेकडे वळून वाकतात.

आपण करायचे ते असे. सूर्यास्ताच्या सुमारे अर्धा तास आधी आंघोळ करून धुतलेले कपडे घालावेत. घरातल्या सर्वांनी पश्चिमेच्या खिडकीशी किंवा दाराशी उभे राहावे. घरात एकटे राहत असाल तरीही उभे राहावेच. बेन सिराच्या २४व्या अध्यायाचे पहिले बारा श्लोक किंवा आपल्या परंपरेतील एखादे स्वागतगीत मोठ्याने म्हणावे. मग काही मिनिटे काहीही न बोलता, येणाऱ्याला वाट द्यावी तसे थोडे बाजूला सरकून उभे राहावे. सुरुवातीला हे अवघडल्यासारखे वाटते. तरी शरीराने केलेले स्वागत सोडू नये, कारण मनात ‘ये’ म्हणणारे मन पुढच्याच क्षणी दुसरीकडे गेलेले असते.

पाचवी पायरी: जेवण

दोन पाव ठेवावेत किंवा दोन पोळ्या एकावर एक झाकून ठेवाव्यात. वाळवंटात इस्राएली लोकांना सहाव्या दिवशी दुप्पट मान्ना, म्हणजे आकाशातून पडणारे अन्न, मिळाला, त्याची ही आठवण. बेने इस्राएल कुटुंबांत द्राक्षरसाच्या जागी पाण्यात भिजवलेल्या मनुकांचे सरबत करण्याची रीत आहे, आणि तीच कोणत्याही घरी सहज जमेल: मनुका सकाळी कोमट पाण्यात भिजत घालाव्यात, संध्याकाळी कुस्करून गाळाव्यात. ज्यू घरांत या वेळी नीतिसूत्रांच्या ३१व्या अध्यायातली गुणवती स्त्रीची स्तुती म्हणतात, जिचा अर्थ कबालावादी शेखिनेकडे लावतात. जेवताना बाजारभाव, नोकरी आणि नातेवाइकांच्या तक्रारी हे विषय काढू नयेत.

सहावी पायरी: मागणे थांबवणे

आतली विश्रांती येथे सुरू होते. एरवीच्या दिवसांत ज्यू माणूस उभ्याने करायच्या मुख्य प्रार्थनेत एकोणीस आशीर्वाद म्हणतो, ज्यांत आरोग्य, उपजीविका, न्याय अशा गोष्टींची मागणी असते. शब्बाथला ती सगळी मधली मागणी गळते आणि सातच आशीर्वाद उरतात. या दिवशी देवाकडे काही मागायचे नाही, ही सूचना मला कोणत्याही ध्यानपद्धतीपेक्षा अवघड वाटते आणि तिचा लाभही तितकाच मोठा आहे. शनिवारी सकाळी अर्धा तास बसावे आणि मनात आलेल्या प्रत्येक मागणीला, मग ती मुलाच्या परीक्षेची असो वा आईच्या गुडघ्याची, आज नको, उद्या, असे प्रेमाने सांगावे.

ख्रिस्ती परंपरेत या बैठकीसाठी दोन स्त्रिया उत्तम सोबत देतात. इंग्लंडमधील नॉरविच येथे चर्चला लागून असलेल्या खोलीत एकांतवास पत्करलेल्या ज्युलियनला मे १३७३ मध्ये, तिशी ओलांडलेली असताना, मरणाच्या दारातल्या आजारात सोळा दर्शने झाली. त्यांतल्या एका दर्शनात तिला आपल्या तळहातावर हेझलनटाएवढी एक गोल वस्तू दिसते. हे काय असावे, या तिच्या प्रश्नाला उत्तर मिळते की निर्माण झालेले सर्व काही एवढेच आहे. ते इतके लहान असते की आता नाहीसे होईल असे तिला वाटते, पण देवाने ते घडवले, देव त्यावर प्रेम करतो आणि देव ते राखतो, म्हणून ते टिकते. यावरून ती लिहिते की आपल्या मनाला स्वस्थता नाही, कारण आपण इतक्या लहान गोष्टींत विश्रांती शोधतो, आणि खरी विश्रांती देवच आहे. पुढे तीच ज्युलियन देव जितका खराखुरा पिता आहे तितकाच खराखुरा माता आहे असे म्हणते, आणि येशूला आई म्हणून हाक मारते. विठोबाला माउली म्हणणाऱ्या मराठी कानाला हे समजायला फार वेळ लागत नाही. साधनेसाठी तळहातावर एखादी सुपारी किंवा बी ठेवून तिची तीन वाक्ये, घडवले, प्रेम केले, राखले, सावकाश मनात म्हणावीत.

दुसरी स्त्री आविलाची तेरेसा (१५१५ ते १५८२), जिचे आजोबा धर्मांतरित ज्यू होते. तिने ‘स्तब्धतेची प्रार्थना’ असे ज्याला म्हटले, त्या अवस्थेचे वर्णन करताना ती अंगावर पिणाऱ्या बाळाचे उदाहरण देते: बाळाने ओठही हलवले नाहीत तरी आई दूध त्याच्या तोंडात घालते. तेरेसा बजावते की ही अवस्था प्रयत्नाने आणता येत नाही आणि आली तर विचारांची खटपट करून ती बिघडवू नये. काही झाले नाही म्हणून खंत करू नये. तयारी आपली, येणे तिचे.

याच दिवसाचा आणखी एक नियम रागाविषयी आहे. शब्बाथला घरात विस्तव पेटवू नये या वचनाचा अर्थ कबालाच्या परंपरेत रागाचा विस्तवही पेटवू नये असा लावतात. हसिदी या ज्यू भक्तिपंथाची मंडळी शुक्रवारी रात्री जोहारमधला शब्बाथच्या रहस्याचा उतारा म्हणतात, ज्यात शेखिना एकत्वात विराजमान होताच क्रोधाची आणि कठोर न्यायाची सगळी सत्ता तिच्यापासून पळून जाते. कोणाशी वाद होणारच असेल, तर तो रात्री तारे दिसल्यावर करू असे ठरवून ठेवावे.

सातवी पायरी: निरोप

शब्बाथला माणसाला एक अधिकचा आत्मा मिळतो आणि दिवस संपताच तो निघून जातो, असे तालमुद सांगते. म्हणून हव्दाला या शब्बाथच्या समाप्तीच्या विधीत द्राक्षरस आणि अनेक वातींच्या मेणबत्तीबरोबर सुगंधी मसालेही असतात. जाणाऱ्या आत्म्यामुळे हुरहुरलेल्या मनाला त्या वासाने सावरायचे असते. आपण लवंगा, वेलची आणि दालचिनी एका डबीत ठेवून ती हातोहात फिरवावी. त्यानंतर ‘मेलावे मल्का’, म्हणजे राणीला पोचवायला जाण्याचे, चौथे जेवण असते. त्याला काही ताजे आणि गरम करावे, साधा मऊ भात आणि तूपही चालेल, आणि ते होईपर्यंत फोन सुरू करू नये.

फोन सुरू केल्यावर पहिले काम पुढच्या शुक्रवारची तयारी नोंदवण्याचे असावे. थोर पंडित शम्माई आठवड्याच्या पहिल्या दिवसापासूनच बाजारात काही चांगले दिसले की ते शब्बाथसाठी राखून ठेवीत, आणि त्याहून चांगले मिळाले की आधीचे खाऊन नवे राखून ठेवीत. हिल्लेल यांची रीत वेगळी होती: ते प्रत्येक दिवसासाठी त्या त्या दिवशी देवाचे आभार मानीत. दोघांच्याही रीती परंपरेने जपल्या आहेत. ज्यांचा शुक्रवार नेहमी धावपळीत जातो त्यांनी शम्माईंच्या मार्गाने जावे आणि रविवारीच बाजारातून येताना मनुका आणून ठेवाव्यात.